कुलपात ठेवायच्या औषधाचे पैसे कोण देणार?

सकाळी इन्क्युबेटर उघडला की जो वास येतो तो मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला आयुष्यभर विसरता येत नाही. आत आदल्या दिवशी लावलेल्या प्लेट्स असतात, फिकट पिवळसर अगार (बॅक्टेरिया वाढवायची जेली), त्यावर बॅक्टेरियाची सायीसारखी सलग वाढ, आणि त्या वाढीवर ठेवलेल्या सहा मिलिमीटरच्या पांढऱ्या कागदी डिस्क, प्रत्येकीत वेगळं अँटिबायोटिक. औषध लागू पडत असेल तर डिस्कभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ दिसतं, त्याला आम्ही झोन म्हणतो. तो पट्टीने मोजायचा, तक्त्यात बघायचा आणि रिपोर्टवर एस नाहीतर आर लिहायचं, म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध लागू पडतं, किंवा रेझिस्टंट, बॅक्टेरिया औषधाला जुमानत नाही (मधला एक आय पण असतो, पण तो सोडा). माझं रोजचं काम हेच आहे आणि बरीच वर्षं झाली करतेय.

आता त्यात काही प्लेट्स अशा येतात की एकाही डिस्कभोवती झोन नसतो. वाढ अगदी कागदाच्या कडेला चिकटून, काही ठिकाणी तर डिस्क कुठे ठेवलीय तेवढंच कळतं, बाकी तिने काही केलंय असं वाटतच नाही. मग रिपोर्टवर आर, आर, आर, आर, खालपर्यंत. आणि वॉर्डमधून फोन येतो, "मॅडम, काहीतरी एस असेल ना हो त्यात, नीट बघा ना." मी नीट बघितलेलंच असतं. मग शेवटी कोलिस्टिन. त्याची डिस्क भरवशाची नाही, कारण तो रेणू अगारमध्ये नीट पसरतच नाही, म्हणून त्याची टेस्ट वेगळी लावावी लागते आणि त्यात अजून एक दिवस जातो, पेशंट तिकडे तापात. हे कोलिस्टिन 1950 च्या दशकातलं औषध, किडनीला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी जवळपास बाजूला ठेवलेलं, आणि नवीन काही हाताशी नाही म्हणून परत बाहेर काढलेलं. 2015 मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की कोलिस्टिनला न जुमानणारा एक जीन, एमसीआर-१, प्लाझमिडवर, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या सुट्या तुकड्यावर, बसून एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात जातो. म्हणजे शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं औषधसुद्धा आता बिनघोर राहिलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की रेझिस्टन्सवर लेख आले की त्यात एकच गोष्ट असते, लोक उगाच गोळ्या खातात, डॉक्टर उगाच लिहून देतात, म्हणून हे झालं. ते खरं आहे, मी नाकारत नाही, व्हायरल सर्दीला अँटिबायोटिक खाणं चूकच आहे. पण तेवढ्यावर थांबलं की सगळा दोष पेशंटच्या माथी मारून बाकीचे मोकळे होतात. माझं म्हणणं दुसरं आहे. नवीन अँटिबायोटिक ही बाटल्यांच्या खपावर विकायची वस्तूच नाहीये. ते औषध तयार आहे आणि हाताशी आहे, याचेच पैसे सगळ्या समाजाने, म्हणजे सरकारांनी, दरवर्षी द्यायला पाहिजेत, मग ते त्या वर्षी दहा हजार लोकांना लागो नाहीतर दहाच लोकांना.

आधी हे मान्य करू की आपण कितीही शहाण्यासारखं वागलो तरी रेझिस्टन्स येणारच. पेनिसिलिन औषध म्हणून वापरात यायच्याही आधी, 1940 मध्ये, एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन या दोघांनी बॅक्टेरियात पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम सापडल्याचं छापलं होतं. कॅनडातल्या गोठलेल्या 30 हजार वर्षं जुन्या मातीत रेझिस्टन्सचे जीन सापडलेत, हे 2011 मध्ये आलं. त्याचं कारणही उघड आहे, आपली बरीचशी अँटिबायोटिक्स ही मुळात मातीतल्या बुरशांनी आणि बॅक्टेरियांनी एकमेकांशी लढायला बनवलेली हत्यारं आहेत, मग त्या हत्यारांच्या ढालीसुद्धा तितक्याच जुन्या असणार. आपण आलो फक्त ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी आणि ती हत्यारं टनावारी वापरायला लागलो.

2016 मधला हार्वर्डच्या रॉय किशोनी आणि मायकेल बेम यांच्या टीमचा प्रयोग ज्यांनी बघितला नसेल त्यांनी त्याचा व्हिडिओ जरूर बघा. त्यांनी दोन फूट बाय चार फूट एवढी अवाढव्य प्लेट बनवली. दोन्ही टोकांना औषध अजिबात नाही, मग पुढच्या पट्ट्यात साधा ई. कोलाय, म्हणजे आपल्या आतड्यात राहणारा बॅक्टेरिया, जेमतेम मरेल एवढं, त्यापुढे दहापट, शंभरपट आणि मधोमध हजारपट. टोकांना ई. कोलाय सोडले. ते पसरतात, पहिल्या पट्ट्याच्या रेषेशी येऊन अडतात, सगळी आघाडी तिथे थांबते, आणि मग एका ठिकाणी, एकाच ठिकाणी, एक बारीक टिपका पलीकडे जातो आणि पंख्यासारखा उघडतो. तो म्युटंट, म्हणजे जीनमध्ये बदल झालेला बॅक्टेरिया. त्याची पोरं पुढच्या रेषेपर्यंत जातात, परत अडतात, परत एक टिपका. दोन आठवड्यांच्या आत ते हजारपट औषधाच्या मधोमध वाढत होते. त्या प्लेटवर कोणी कोर्स अर्धवट सोडला नव्हता, कोणी दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळी घेतली नव्हती. ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्या वेगाने कोट्यवधी नकला निघत असताना कुठेतरी एक चूक त्याच्या फायद्याची पडतेच. योग्य वापराने आपण वेळ विकत घेतो, आणि तो वेळ लाखमोलाचा आहे, पण त्या वेळात नवीन औषध आलं नाही तर तो वेळ घेऊन करायचं काय?

आणि किती माणसं जातात ते पण बघा. लॅन्सेटमध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार 2019 मध्ये साधारण 12 लाख 70 हजार मृत्यू थेट रेझिस्टंट बॅक्टेरियामुळे झाले, आणि ज्या मृत्यूंमध्ये त्याचा काहीतरी हात होता ते साडेएकोणपन्नास लाखांच्या आसपास. त्याच गटाने 2024 मध्ये अंदाज मांडला की असंच चालू राहिलं तर 2025 ते 2050 या काळात मिळून थेट मृत्यूंचा आकडा 3 कोटी 90 लाखांवर जाईल. इतकी गरज आहे तर औषध बनवणाऱ्यांची रांग लागायला पाहिजे ना? तर होतंय बरोबर उलटं.

कारण हिशेबच तसा आहे. बीपीची गोळी माणूस रोज घेतो, वीस-तीस वर्षं घेतो. अँटिबायोटिक आठवडाभर घेतो आणि बरा होतो. त्यात औषध जितकं नवीन आणि जितकं चांगलं, तितकं आम्ही लॅबवाले आणि डॉक्टर म्हणणार की हे वापरू नका, कुलपात ठेवा, बाकी सगळं आर आलं तरच काढा. ते बरोबरच आहे, तसंच केलं पाहिजे. पण मग ज्याने दहा-पंधरा वर्षं घालून ते बनवलं त्याने खायचं काय, याचं उत्तर आपण कोणीच देत नाही.

अकाओजेन नावाची अमेरिकन कंपनी होती. तिने प्लाझोमायसिन बनवलं, जुन्या अमिनोग्लायकोसाइड घराण्यातलंच पण बॅक्टेरियाची औषध निकामी करणारी एन्झाइम्स त्याला सहजासहजी पकडू शकणार नाहीत अशी रचना केलेलं. जून 2018 मध्ये एफडीएची, म्हणजे अमेरिकेतल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी मिळाली. पहिल्या वर्षातली विक्री दहा लाख डॉलरच्याही आत. एप्रिल 2019 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आणि त्यानंतर काही महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेने त्याच प्लाझोमायसिनला आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारखा दोनदा तपासल्या होत्या. औषध अत्यावश्यक, आणि ते बनवणारे रस्त्यावर. त्याच वर्षाच्या शेवटी मेलिंटा नावाची दुसरी अँटिबायोटिक कंपनी पण दिवाळखोरीत गेली. 2018 मध्ये नोव्हार्टिसने बॅक्टेरियावरच्या औषधांचं संशोधन बंद केलं, सनोफीने आपलं युनिट दुसऱ्या कंपनीकडे सोपवलं. यात नुसते शेअरवाल्यांचे पैसे बुडत नाहीत. ई. कोलायसारख्या, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह गटातल्या, बॅक्टेरियाला दोन पडदे असतात, त्यातून रेणू आत कसा घुसवायचा, आत गेल्यावर त्यांचे पंप तो लगेच बाहेर फेकतात ते कसं चुकवायचं, हे कळणारी माणसं जगात मोजकी आहेत, ती अशा वेळी कॅन्सरच्या किंवा लठ्ठपणाच्या औषधांकडे जातात आणि परत येत नाहीत. असं पांगलेलं ज्ञान नंतर पैसे ओतले म्हणून एका वर्षात गोळा होत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हटलं तर इथे विहीर खणणारेच गाव सोडून गेलेत.

आता कोणी म्हणेल की सरकारने कशाला मध्ये पडायचं, बाजार आपोआप ठरवेल. त्यांना मी पेनिसिलिनची पूर्ण गोष्ट आठवून बघा म्हणेन. शाळेत आपल्याला फ्लेमिंग, 1928, बुरशी लागलेली प्लेट इथपर्यंतच सांगतात. पुढे बारा-तेरा वर्षं त्या बुरशीचं औषध झालं नव्हतं. फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला हॉवर्ड फ्लोरी या शास्त्रज्ञाच्या टीमने पेनिसिलिन दिलं, चेहऱ्यावर, डोळ्यात, फुप्फुसात इन्फेक्शन पसरलेलं, आणि तो सुधारायला लागला, ताप उतरला, जेवायला लागला. पण औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच दिलं तरी पुरलं नाही, आणि मार्चमध्ये तो गेला. औषध लागू पडलं होतं, फक्त ते पुरेसं बनवायची कोणाची जबाबदारी नव्हती. तीन वर्षांनी, 1944 मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळी, लाखो डोस तयार होते. ते बाजाराने केलं का? अमेरिकन सरकारने वीसेक कंपन्यांना एकत्र बसवलं, पिओरियाच्या सरकारी शेती-लॅबने मक्याच्या स्टार्चमधून उरणारं पाणी वापरून बुरशीचं उत्पादन वाढवलं, मोठ्या टाक्यांत ती वाढवायची रीत बसवली, आणि तयार होईल तेवढा माल सरकार घेणार हे उघड होतं. म्हणजे अँटिबायोटिकचं युग सुरूच झालं ते सरकारी पैशावर आणि सरकारी खात्रीवर. बाजारावर सोडायचं हे आपण नंतर ठरवलं, आणि 1960 च्या दशकापर्यंत नवनवीन रेणू पटापट सापडत होते म्हणून ते खपून गेलं.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो आणि त्यावर मी बराच विचार केलाय. जनतेचा पैसा खासगी कंपन्यांच्या घशात का घालायचा? बरोबर विचारताय. म्हणून नुसता चेक फाडून द्यायच्या मी विरोधात आहे. मूलभूत संशोधनाला आणि सुरुवातीच्या ट्रायलला अनुदान तर आताही मिळतं, 2016 पासून कार्ब-एक्स सारख्या संस्था तेच करतायत, पण प्लाझोमायसिनचं गाडं अडलं ते मंजुरी मिळाल्यानंतर. तिथे काहीच नाही. ब्रिटनने 2022 मध्ये एक रस्ता काढला. सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम या दोन औषधांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम, प्रत्येकी एक कोटी पौंडांपर्यंत, दहा वर्षांपर्यंतचा करार, आणि औषध किती वापरलं याचा त्या रकमेशी संबंध नाही. याचा फायदा नीट बघा, कंपनीच्या एमआरला डॉक्टरच्या केबिनबाहेर बसून जास्त खपवायची गरजच उरत नाही, कारण जास्त खपून जास्त मिळणारच नाही. म्हणजे जे आपण भाषणं देऊन, पोस्टर लावून करायला बघतो ते करार आपोआप करतो. पण एकटं ब्रिटन काय करणार, ती जगाच्या औषध बाजाराची छोटीशी फोड आहे. अमेरिकेत पाश्चर अ‍ॅक्ट नावाने असंच बिल वर्षानुवर्षं परत परत मांडलं गेलंय आणि अडकलंय. मोठे खरेदीदार एकत्र आल्याशिवाय एका औषधाचा खर्च निघत नाही.

माझ्या मते त्यात अट असली पाहिजे, आणि ती अट करारातच, नंतरच्या चांगुलपणावर सोडलेली नको. जिथे रेझिस्टंट इन्फेक्शन सगळ्यात जास्त आहे तिथे औषध पोचलंच पाहिजे, परवडेल अशा भावात, बनवायचं लायसन्स दुसऱ्यांना देऊन. नाहीतर काय होतं, औषध श्रीमंत देशात मंजूर होतं, बाकीच्या देशात कंपनी मंजुरीचा अर्जच करत नाही, आणि जिथे माणसं मरतायत तिथल्या लॅबमध्ये त्या औषधाची डिस्कसुद्धा नसते. रेझिस्टन्स थोपवायचं म्हणून अँटिबायोटिक कमी वापरा असं म्हणताना हे विसरून चालणार नाही की जगात आजही कितीतरी माणसं साधं पेनिसिलिन वेळेवर न मिळाल्याने जातात.

आणि नफ्याशिवाय हे होऊच शकत नाही असंही नाही. टीबीचं उदाहरण घ्या. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार, त्यात महिनोन्महिने इंजेक्शनं, ज्यांनी कान जायचे, माणूस बरा झाला तरी बहिरा. टीबी अलायन्स ही ना-नफा संस्था, तिने प्रिटोमॅनिड पुढे नेलं, 2019 मध्ये मंजुरी मिळवली, आणि बेडाक्विलिन, लिनेझोलिडबरोबर देऊन तो कोर्स सहा महिन्यांवर आला, सगळा गोळ्यांचा. तसंच गनोरियावरचं झोलिफ्लोडासिन. त्याची शेवटच्या टप्प्यातली ट्रायल गार्ड-पी या ना-नफा संस्थेने चालवली, पाच देशांत, 930 लोकांवर, आणि 2023 मध्ये निकाल चांगला आला. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या बहुसंख्य देशांतले हक्कही त्याच संस्थेकडे आहेत. म्हणजे दोन्ही वाटा चालतात, कंपनीला वार्षिक रक्कम द्या किंवा सार्वजनिक पैशाने स्वतः बनवा. खपावर सोडून द्यायची तिसरी वाट तेवढी बंद करा.

एआय आहे ना आता, तो शोधेल की, असं मला तरुण मुलं सांगतात. शोधतोय खरंच. 2020 मध्ये एमआयटीच्या टीमने मशीन लर्निंगने हॅलिसिन शोधलं, आधी डायबेटिससाठी बघितलेला रेणू, तो उंदरांमध्ये रेझिस्टंट बॅक्टेरिया मारतो हे दिसलं. एआयशिवायही शोध लागतायत, जानेवारी 2024 मध्ये झोसुराबाल्पिनचे पेपर आले, असिनेटोबॅक्टर या हॉस्पिटलमध्ये पसरणाऱ्या बॅक्टेरियाच्या बाहेरच्या पडद्याचा माल जिथून वर नेला जातो तो पूलच ते अडवतं, हे असं आधी कुठल्या औषधाने केलं नव्हतं. फेजेस आहेत, बॅक्टेरियाला खाणारे व्हायरस, 1910 च्या दशकापासून माहीत असलेले, 2016 मध्ये सॅन डिएगोमधल्या एका प्राध्यापकाला असिनेटोबॅक्टरच्या इन्फेक्शनमुळे आलेल्या कोमातून त्यांनी परत आणलं. मला या सगळ्याचा मनापासून आनंद होतो. पण प्लाझोमायसिनसुद्धा सापडलं होतंच की, ट्रायलही पास झालं होतं. जिथे अडतंय तिथे एआय काही करत नाही.

अजून एक बाजू आहे जी या चर्चेत नेहमी मागे राहते, ती म्हणजे आपलं स्वतःचं शरीर. 1882 मध्ये इटलीतल्या मेसिनाला मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने स्टारफिशच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात काटे टोचून ठेवले आणि सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर फिरत्या पेशी काट्याभोवती जमल्या होत्या. आपल्या रक्तातले न्यूट्रोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तेच करतात. अँटिबायोटिक एकट्याने इन्फेक्शन संपवतं असं आपल्याला वाटतं, बऱ्याचदा ते बॅक्टेरियाची संख्या खाली आणतं, वाढ रोखतं, आणि उरलेलं झाडून काढतात ते या पेशी. केमो चालू असलेल्या पेशंटचे न्यूट्रोफिल पडले की हे लख्ख दिसतं, तिथे औषधाला दोघांचं काम एकट्याने करावं लागतं, आणि नेमकं तिथेच प्लेटवर झोन नसला तर कॅन्सरचं औषध कितीही महागडं असो, माणूस इन्फेक्शनने जातो. ट्रान्सप्लांट, सांधे बदलणं, सिझेरियन, मुदतीआधी जन्मलेली बाळं, सगळं याच जमिनीवर उभं आहे. म्हणून मला वाटतं की कॅन्सरच्या बजेटमधूनसुद्धा अँटिबायोटिकला वाटा मिळायला पाहिजे.

लसीला पण याच पिशवीतून पैसे द्या असं मी म्हणेन. लस बॅक्टेरिया मूठभर असतानाच त्यांना गाठते आणि शरीर एकाच वेळी अनेक बाजूंनी मारा करतं, त्यामुळे औषधासारखा तिला पटकन रेझिस्टन्स येत नाही. अमेरिकेत 2000 मध्ये न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका बॅक्टेरियाची, काँजुगेट लस (बॅक्टेरियाच्या कवचातली साखर प्रोटीनला जोडून बनवलेली) सुरू झाली आणि पेनिसिलिनला दाद न देणारी इन्फेक्शन्ससुद्धा खाली आली, लस न घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांमध्येही, कारण लहान मुलांकडून त्यांना लागण होणं कमी झालं. पाकिस्तानात 2016 पासून सिंधमध्ये असा टायफॉइड पसरला की तोंडाने द्यायला भरवशाचं एकच औषध उरलं होतं, अझिथ्रोमायसिन. तेव्हा 2019 मध्ये त्यांनी टायफॉइडची काँजुगेट लस नियमित लसीकरणात आणली, जगात पहिल्यांदा. न झालेल्या इन्फेक्शनला अँटिबायोटिक लागत नाही, इतकं ते सोपं आहे. दुकानातल्या "इम्युनिटी बूस्टर" पावडरी यात मोडत नाहीत, त्यांच्या पुड्या आणि लस यांची बरोबरी कृपा करून करू नका.

सप्टेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सगळ्या देशांनी मिळून ठरवलं की 2030 पर्यंत रेझिस्टन्सशी जोडलेले मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करायचे, आणि देशांना आपापल्या योजना उभ्या करायला 10 कोटी डॉलर जमवायचं लक्ष्य ठेवलं. संपूर्ण जगासाठी 10 कोटी. ब्रिटन दोन औषधांना मिळून दहा वर्षांत जास्तीत जास्त 20 कोटी पौंड द्यायला तयार झालं होतं, तेही एका देशाच्या वाट्याचे, एवढ्यावरून अंदाज करा की हा आकडा किती तोकडा आहे. 2030 मध्ये वॉर्डात असणारी औषधं आजच ट्रायलमध्ये आहेत, त्यात आता भर घालता येणार नाही. 2040 मध्ये माझ्या जागी बसून जी मुलगी प्लेट वाचेल, तिच्या हातातल्या डिस्क कुठल्या असतील ते मात्र अजून ठरायचंय, आणि ते आत्ताच्या दोन-तीन बजेटमध्ये ठरेल, कारण तो रेणू आज कुठल्यातरी लहानशा कंपनीच्या फ्रीजरमध्ये आहे आणि त्या कंपनीकडे पुढच्या वर्षीच्या पगारापुरते पैसे आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न आहे.